शनिवारवाड्यांतील चित्रशाळा व तैलरंगी व्यक्तिचित्र

पुणें दरबारचा इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या खटपटीनें शनिवारवाड्यांत चित्रशाळा निघाली व स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याचा तिच्याशीं संबंध आला. एवढ्यावरून, तैलरंगांत हुबेहूब व्यक्तिचित्र काढण्याची विद्या पेशवाईंतच मराठी चित्रकारांच्या हातीं आली, असें अनुमान काढण्याचा मोह होतो. एखादें अनामिक तैलचित्र केवळ पगडी-अंगरख्यावरून त्या काळांत ढकलणें मग सोपें जातें. हें अनुमान आम्हांस मान्य करवत नाहीं.

वेल्सनें काढलेलें सवाई माधवराव व नाना फडणीस यांचें १७९२ चें तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहे. उलटपक्षीं, गंगाराम चिंतामण तांबट याचें जें काम अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या कलाकेंद्रांत जपलेलें आहे तें कागदावरील, शिसपेन्सिल, शाई व जलरंग यांचें आहे. त्याचा गेंडा पाहिला म्हणजे नजर किती चोख होती तें कळतें. परंतु चोख नजर निराळी व तैलरंगावरील हुकमत निराळी.

तैलचित्रांत चेहरा रेषेनें बांधावयाचा नसतो. कापडावर अस्तर, त्यावर मातकट रंगांत छायाप्रकाशाची मांडणी, ती वाळल्यावर अंगकांतीचे थर. आणि वरच्या थरांत तेल खालच्यापेक्षां अधिक, नाहीं तर रंगास चिरा पडतात. डोळे अर्धवट मिटून पाहावयाचें, म्हणजे पापण्यांचे केंस लोपून छायेचे मोठे भाग तेवढे उरतात. नाकाच्या कडेस प्रकाश संपतो तेथें रेघ नसतेच! एका बाजूनें दिसणाऱ्या चेहऱ्याची कड एका ओढींत काढणाऱ्या हातास ती रेघ सोडणें हेंच सर्वांत अवघड. हें पोथीनें येत नाहीं. १८६८ सालीं त्रावणकोर दरबारीं आलेल्या थिओडोर जेन्सनचें काम नुसतें पाहूनच रविवर्म्यास पुढील वाट काढावी लागली. मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ सालीं निघाली. तरी तेथील पेस्तनजी बोमनजीसही तैलरंगांत व्हॅल प्रिन्सेपचें मार्गदर्शन उपयोगीं पडलें तें १८७७ च्या सुमारास.

गंगारामासही वेल्सचें काम पाहण्याची संधि होती, असा आक्षेप निघेल. होती खरी. पण त्याच्याकडे काम आलें तें मुख्यतः लेण्यांच्या रेखाटनाचें; आणि वेल्स १७९५ सालींच वारला. यथादर्शनाचें श्रेय चित्रशाळेस अवश्य द्यावें. तैलरंगी व्यक्तिचित्राचें द्यावयाचें तर गंगारामाच्या हातचें एखादें तरी कापडावरील चित्र पुढें यावयास पाहिजे.