रमाबाईंनी आज्ञा मोडली की पाळली?

आमच्या घनसावंगी तालुक्यात कुणालाही विचारा, जांबची गोष्ट तो सांगेलच. बोहल्यावर उभा असलेला नारायण ‘सावधान’ हा शब्द ऐकतो आणि भर मंडपातून पळून जातो. पुढे तो समर्थ रामदास होतो. आता सांगा, या मुलानं आज्ञा मोडली की पाळली? आईच्या बाजूनं बघितलं तर सरळ मोडली. पण आपण गोष्ट सांगताना हा प्रश्न विचारतच नाही, कारण शेवट आपल्याला आधीच ठाऊक असतो.

पंडिता रमाबाईंच्या पत्रांवर काम करायला लागले तेव्हा मीही हीच चूक केली. शेवट ठाऊक असल्यासारखं वाचलं. प्रकरणाला झोकात नाव दिलं, ‘बंडखोर रमाबाई’. मार्गदर्शकांनी ‘बंडखोर’भोवती पेन्सिलीनं गोल काढला आणि बाजूला एकच शब्द लिहिला: ‘कुणाविरुद्ध?’ त्या एका शब्दानं माझे चार महिने खाल्ले. पेट-नेटच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी कुणी धर्म आणि स्त्रिया अशा विषयाकडे वळणार असाल, तर तुमचे तरी वाचावेत, म्हणून हे लिहिते आहे.

आधी पुस्तक. रमाबाईंचा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डिन यांनी जमवून ठेवला, अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं 1977 साली तो इंग्रजीत छापला. रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेजच्या अँग्लिकन जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी 29 सप्टेंबरला तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मग त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला, तर मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाई पुरुषांना शिकवणार, हिंदुस्थानात लोक काय म्हणतील! रमाबाई चिडल्या. आपण कुठे काय शिकवायचं हे परस्पर ठरवणारे हे कोण, असा त्यांचा सवाल होता. पाठोपाठ त्रैक्य, कुमारीजन्म, चर्चची मतांगीकारपत्रं अशा एकेका गोष्टीवरून पत्रापत्री पेटली. 1885 च्या एका प्रसिद्ध पत्रात त्या जेराल्डिनना स्पष्ट सांगतात की, भारतातल्या पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलं आहे, आता पाद्र्यांचं प्रत्येक म्हणणं हीच देवाची आज्ञा असं मानून दुसरं जोखड मी घेणार नाही.

हे पत्र प्रत्येक जण उद्धृत करतो. मीही केलं होतं. आणि बहुतेक जण वाक्याचा पूर्वार्ध उचलतात: जोखड, पुरोहित, नकार. उत्तरार्ध सुटतो. रमाबाई आज्ञा नाकारत नाहीत, ती देवाची आहे याचा पुरावा मागतात. ‘मी कुणाचंच ऐकणार नाही’ आणि ‘देवाचं ऐकायचं आहे म्हणून तुमचं ऐकणार नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं आजच्या वाचकाला आवडतं. दुसरं रमाबाईंचं आहे.

ख्रिस्ती परंपरेत या दुसऱ्या वाक्याला जुना आधार आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या पाचव्या अध्यायात पेत्र यहुदी धर्मसभेपुढे उभा राहून हीच भूमिका घेतो: माणसांची आज्ञा आणि देवाची आज्ञा यांत तंटा पडला तर निवड ठरलेली आहे. दुसरीकडे पौल रोमकरांस लिहिताना तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहायला सांगतो. दोन्ही वचनं एकाच नव्या करारातली. म्हणजे आज्ञापालन महत्त्वाचं की नाही हा वादच नव्हता, दोन्ही पक्षांना ते प्राणापेक्षा मोलाचं होतं. वाद होता तो देवाची आज्ञा माणसापर्यंत कुणाच्या हातून पोचते याचा.

इथे जेराल्डिनबाईंशी थोडं न्यायानं वागायला हवं. अभ्यासकांच्या लिखाणात त्या पुष्कळदा खाष्ट सासूसारख्या येतात. पण जोगीण होताना त्यांनी दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतली होती. वरिष्ठांचं ऐकणं हीच त्यांची देवाची सेवा होती, त्यात त्यांना गुलामी दिसत नव्हती. रमाबाईंनी तसलं व्रत कधीच घेतलं नव्हतं. एकीला जो गर्व वाटत होता तो दुसरीला सदसद्विवेक वाटत होता. आणि गंमत बघा, या सगळ्या इंग्रजी भांडणात रमाबाई जेराल्डिनना हाक मारतात ती ‘आजीबाई’ अशी! आजीशी नातीनं हुज्जत घालावी, तसा या पत्रांचा सूर आहे. भाषांतरात आणि अवतरणांच्या कात्रीत तो हमखास हरवतो. चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना लिहिलेली पत्रं शेजारी ठेवा. तिथे रमाबाई शंका मोकळेपणानं मांडतात, कारण बीलबाई शंकेला पाप म्हणत नाहीत. व्यक्ती तीच, पण पत्र कुणाला आहे यावर आवाज बदलतो. पत्रं वाचताना ‘लिहिणारी’इतकीच ‘वाचणारी’ कोण ते नोंदवा.

आणखी एक, हे मला फार उशिरा सुचलं. हा सगळा दप्तरखाना जमवला कुणी? जिची आज्ञा पाळली गेली नाही तिनं. जेराल्डिननी पत्रं जपली नसती तर आपल्या हाती काहीच लागलं नसतं, हे खरंच. पण ती जमवताना त्यांनी स्वतःचे शेरेही जोडले आहेत, आणि त्यांत रमाबाईंच्या ‘हट्टा’ची कथा आधीच रचलेली आहे. आपण पक्ष फक्त उलटा करतो: त्यांनी ज्याला हट्ट म्हटलं त्याला आपण बंड म्हणतो. कथेचा सांगाडा मात्र त्यांचाच राहतो. गौरी विश्वनाथन यांनी ‘आउटसाइड द फोल्ड’ (1998) मध्ये या मतभेदाकडे धर्मांतरित स्त्रीचा स्वतंत्र विचार म्हणून गंभीरपणे पाहिलं आणि मीरा कोसंबी यांनी रमाबाईंचं लिखाण पुन्हा वाचकांपुढे आणलं. या कामांचं ऋण मोठं आहे. माझी तक्रार आहे ती त्यानंतर आलेल्या, 1885 वर थांबणाऱ्या आपल्यासारख्यांच्या निबंधांबद्दल.

कारण रमाबाई 1885 ला थांबल्या नाहीत. 1889 मध्ये शारदा सदन सुरू झालं. 1893 मध्ये सदनातल्या मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात म्हणून रानडे-भांडारकरांसारखे सुधारक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. इंग्लंडात त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, पुण्यात फारच ख्रिस्ती ठरल्या. मग केडगावचं मुक्ती सदन, दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली, 1905 चं तिथलं धर्मजागरण आणि अखेरपर्यंत चाललेलं बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर, त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक. या रमाबाईंपाशी आले की अनेक अभ्यासक पाय मागे घेतात. ‘बंडखोर’ बाई ‘भाविक’ झाली, म्हणजे घसरली! मला ती घसरण वाटत नाही. मधला माणूस काढून टाकायचा, हा त्यांचा जुनाच आग्रह तिथे टोकाला गेलेला दिसतो. पुरोहित नको, बिशप नको, शेवटी दुसऱ्याचं भाषांतरसुद्धा नको. देवाचं म्हणणं मूळ भाषेतून मी स्वतः वाचणार.

पण इथेच माझ्या मांडणीलाही तडा जातो, तो झाकणार नाही. केडगावच्या मुलींसाठी मधला माणूस कोण होता? स्वतः रमाबाई. दिनक्रम त्यांचा, शिस्त त्यांची, प्रार्थना त्यांची. आणि याची सुरुवात वाँटेजमध्येच दिसते. मनोरमेला कोणती धर्मतत्त्वं शिकवायची यावरून आई आणि आजीबाई यांच्यात जुंपली, तेव्हा रमाबाईंनी आईचा अधिकार पुढे केला. स्वतःसाठी विवेक, मुलीसाठी आईचा शब्द. मनोरमा तेव्हा जेमतेम चार वर्षांची होती, म्हणजे दुसरं काय करणार, हेही खरं. मोठी झाल्यावर ती केडगावलाच आईच्या कामात राहिली आणि 1921 मध्ये, आईच्या आदल्या वर्षी, वारली.

प्रकरणाचं नाव मी बदललं आहे. मनोरमेची पत्रंही त्याच पुस्तकात आहेत. सध्या ती पुन्हा पहिल्यापासून वाचते आहे, या वेळी आईचं नाव झाकून.