विशेषाभ्यास व व्यापक अभ्यास : चांजे येथील शिलालेखाच्या निमित्तानें

इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें पदवीच्या अभ्यासक्रमांत मुख्य विषयाबरोबर इतर शाखांतील विषयांसही जागा दिली. तेव्हांपासून विशेषाभ्यास श्रेष्ठ कीं व्यापक अभ्यास, हा जुना वाद पुनः उपस्थित झाला आहे. संशोधकानें त्याचा निर्णय प्रत्यक्ष साधनावरून करावा हें बरें, म्हणून येथें एकच साधन घेतों.

मोऱ्यास उतरून उरणाच्या पुढें कारंजाच्या बाजूस गेल्यास चांजे हा गांव लागतो. तेथें सांपडलेला शिलाहार राजा सोमेश्वर याचा शके ११८२ (इ. स. १२६०) चा शिलालेख प्रसिद्ध आहे. उरणांतील चाडिचे, म्हणजे हल्लींचें चांजे, या गांवच्या कोंथळेस्थान येथील बागेचें १६२ पारुत्थ द्रम्म इतकें ठरीव उत्पन्न श्रीस्थानक (ठाणें) येथील उत्तरेश्वर महादेवास दिल्याचें त्यांत नमूद आहे. मजकूर एवढाच, परंतु कालनिर्णयास ज्योतिर्गणित, द्रम्मास नाणकशास्त्र, बागेच्या उत्पन्नास जमीनमहसुलाची माहिती, आणि चाडिच्याचें चांजे कसें झालें यास भाषाशास्त्र लागतें. निव्वळ लिपिज्ञ वाचन शुद्ध देईल. पण १६२ द्रम्म ही रक्कम मोठी कीं लहान, हें त्यास सांगतां येणार नाहीं.

मग व्यापक अभ्यासाचा पक्ष सिद्ध झाला काय? त्या पक्षास दामोदर धर्मानंद कोसंबी यांचें उदाहरण सोईचें वाटेल. हार्वर्ड येथें अध्यापक बर्कहॉफ यांनीं गणितावरच लक्ष एकवटण्याचा सल्ला दिला असतां कोसंबींनीं अनेक विषय अभ्यासिले व इ. स. १९२९ मध्यें पदवी घेतली. पुढें त्यांनीं तक्षशिलेच्या आहत नाण्यांचीं वजनें घेऊन, पाठीमागील ठशांची संख्या वाढते तसें वजन घटतें, असें संख्याशास्त्राच्या आधारें दाखविलें. परंतु ही सिद्धि बहुश्रुतपणाची नव्हे. तराजू हातीं घेण्यापूर्वीं गणित हें त्यांचें पूर्ण आत्मसात् केलेलें शास्त्र होतें. त्यांच्या कांहीं निष्कर्षांवर नाणकशास्त्रज्ञांनीं आक्षेप घेतले आहेत. म्हणजे विशेषज्ञाची तपासणी त्यांच्यासारख्यासही चुकली नाहीं.

तेव्हां आमचें म्हणणें असें कीं, दोन्ही पक्ष विषयांची संख्याच मोजीत बसले आहेत. चार विषयांचे श्रेयांक गोळा केल्यानें विद्यार्थ्याच्या हातीं चार अर्धवट साधनें येतात. आणि एकाच विषयांत कोंडल्यास, प्रश्न त्या विषयाच्या कुंपणाबाहेर गेला कीं तो थांबतो. एक शास्त्र पक्कें करवावें, आणि इतर शास्त्रें एखाद्या अस्सल साधनाच्या गरजेनुसार शिकवावीं, हाच क्रम युक्त होय. पदवीच्या अखेरच्या वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्यास एक ताम्रपट, शिलालेख किंवा मोडी कागद देऊन त्याचें पूर्ण विवरण निरनिराळ्या विभागांच्या अध्यापकांसमोर करण्यास लावावें.

येथें संग्राहकांचेंही कर्तव्य आहे. ज्यांच्या घरीं दप्तरांचे रुमाल बांधलेले आहेत, त्यांनीं निदान नकला तरी अशा अभ्यासास द्याव्यात. मोडी वाचणारा व हिशेब समजणारा मनुष्य एकच असेल तरच त्या कागदांतून इतिहास निघेल. अन्यथा धोरणें बदलत राहतील आणि रुमाल बांधलेलेच राहतील.