वॉल्डनच्या पाण्यावरचा शरद

हेन्री डेव्हिड थोरोचं ‘वॉल्डन’ शरदासाठी उघडणारा वाचक बहुधा पानांचे रंग शोधत येतो. अमेरिकेच्या ईशान्येला, मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाच्या आसपास सप्टेंबर-ऑक्टोबरात मेपल लालबुंद होतात, आणि ते बघायला माणसं लांबून येतात. थोरोलाही त्या रंगांचं वेड होतं. त्यांच्यावर त्यानं स्वतंत्र निबंध लिहिला; तो त्याच्या मृत्यूनंतर, १८६२ साली छापून आला. ‘वॉल्डन’मध्ये मात्र त्यानं पानांना जेमतेम एक परिच्छेद दिला आहे. उरलेला शरद त्यानं वॉल्डन तळ्याच्या पाण्यावर वाचला, आणि या पुस्तकातली माझी सर्वांत आवडती पानं तीच आहेत.

त्या एका परिच्छेदातही पाणी आहेच. एक सप्टेंबरलाच त्याला पलीकडच्या काठावर दोन-तीन लहान मेपल लाल झालेले दिसतात. खाली, जमिनीचं टोक पाण्यात शिरतं तिथे, तीन ॲस्पेनची पांढरी खोडं. मग आठवड्या-आठवड्याला एकेका झाडाचा स्वभाव उघड होत जातो आणि ते झाड तळ्यात स्वतःला न्याहाळू लागतं. झाडं पाहायची ती पाण्यातून, ही त्याची नजर इथेच ठरून जाते.

या नजरेला जागाही तशीच मिळाली होती. हिमनदी मागे हटताना वाळू-खडीत गाडला गेलेला बर्फाचा प्रचंड तुकडा वितळला आणि त्या खड्ड्यात भूजल भरलं, असा या तळ्याचा जन्म. ओढा आत येत नाही, बाहेर जात नाही. थोरोनं स्वतः मोजणी केली: क्षेत्रफळ साडेएकसष्ट एकर, सर्वाधिक खोली १०२ फूट. वाहतं पाणी नाही, गाळ आणणारा प्रवाह नाही; म्हणून वारा पडला की पृष्ठभागावर जे काही उमटेल, ते तिथेच घडलेल्या एखाद्या हालचालीचं असतं. मासा उसळला, किडा पडला, तरी त्याची खबर वर्तुळांनी काठापर्यंत पोचते.

सप्टेंबरातली एक निवांत दुपार तो पूर्वेकडच्या वाळूच्या काठावर घालवतो. हलकं धुकट असल्यानं समोरचा काठ पुसट झाला आहे. तो डोकं उलटं करून पाहतो, आणि पाण्याचा पृष्ठभाग दरीवर ताणलेल्या कोळ्याच्या बारीक तंतूसारखा दिसू लागतो. त्याच्या खालून कोरड्या अंगानं पलीकडे चालत जाता येईल असं वाटावं, इतका. पाण्यावर निवळ्या सरसरत धावतात, त्यांच्या पायांखाली प्रकाशाचे कण उडतात. एखादा मासा हवेत तीन-चार फुटांची कमान घेतो: बाहेर पडताना एक लकाकी, परत आपटताना दुसरी. थोरो इथे उपमा देतो, पण सौंदर्याची ग्वाही देत बसत नाही. प्रकाश कुठे चमकला, किती वेळा चमकला, एवढंच सांगतो, आणि आपल्याला ती कमान दिसते.

ऑक्टोबर ओलांडला की निवळ्या जातात. नोव्हेंबरच्या शांत दिवशी पाण्यावर सुरकुती पाडणारं काहीच उरत नाही. आपल्याकडे आश्विनात पावसाचं गढूळ पाणी निवळतं, तळ्यांवर कमळं असतात. आपला शरद भरलेला असतो. वॉल्डनचा शरद एकेक खूण काढून घेत जातो. आणि नेमक्या त्या रिकाम्या पाण्यावर थोरोनं आपलं सर्वांत भरलेलं वर्णन लिहिलं आहे.

कित्येक दिवसांच्या पावसानंतरची दुपार. आभाळ अजून दाटलेलं, हवेत धुकं. पाण्यात आता ऑक्टोबरचे झगझगीत रंग नाहीत, भोवतीच्या टेकड्यांचे मळकट रंग आहेत. दूरवर कुठेकुठे अंधुक चमक दिसते. थंडीतून वाचलेल्या निवळ्या असतील का? तो हळूहळू वल्हवत जवळ जातो, आणि नावेभोवती पर्च मासे सापडतात, असंख्य, पाचेक इंच लांबीचे, हिरव्या पाण्यात गडद कांस्य रंगाचे. ते वर येऊन पाण्याला खळ्या पाडतात, मधूनच बुडबुडे सोडतात. पाणी इतकं पारदर्शक, आणि त्यात ढग. नाव बलूनसारखी अधांतरी तरंगते आणि माशांचं पोहणं उडणं होतं. मग वारा उठतो, लाटा सुरू होतात, आणि पर्च अर्ध्या अंगानं पाण्याबाहेर उसळू लागतात. शंभर काळे ठिपके, तीन-तीन इंचांचे, एकाच वेळी पाण्यावर!

याच्या लगेच पुढे ५ डिसेंबरचा प्रसंग आहे. पाण्यावर खळ्या पडताहेत, धुकं आहे. मोठा पाऊस आला असं समजून तो घाईनं घराकडे वल्हवू लागतो. पाऊस वाढतोय असं दिसतं, पण गालावर थेंब नाही. एकाएकी खळ्या थांबतात. वल्ह्यांच्या आवाजानं बुजून पर्च खोल निघून गेलेले असतात. डोळ्यांना पाऊस दिसतोय आणि गाल नाही म्हणतोय, ही नोंद करणारा माणूस निरीक्षणाची किती कडक शिस्त पाळत असेल!

ऑक्टोबरातला लून पक्ष्याचा पाठलाग या पुस्तकातला प्रसिद्ध प्रसंग. पक्षी बुडी मारतो, थोरो अंदाज बांधून नाव वळवतो, आणि पक्षी भलतीकडेच वर येऊन हसल्यासारखा ओरडतो. हा प्रसंग मजेदार आहे, पण माझं मन पर्चपाशीच रेंगाळतं. मराठी वाचकाला हे सगळं दुर्गा भागवतांच्या अनुवादातून भेटलं आहे, आणि महिन्यामहिन्याला निसर्ग वाचणारं ‘ऋतुचक्र’ (१९५६) लिहिणाऱ्या बाईंनीच ते मराठीत आणावं, यात मला खोल नातं दिसतं.

शेवटी बर्फ. सावलीतल्या खाड्यांवर पहिला पापुद्रा धरतो, गडद आणि आरपार. जेमतेम इंचभर जाड झाल्यावर थोरो त्यावर पालथा झोपतो आणि दोन-तीन इंचांवरचा तळ काचेतून पाहावा तसा पाहतो. वाळूत कुणी सरपटत गेल्याच्या रेघा आहेत, पांढऱ्या गारेच्या कणांनी बांधलेले कॅडिस किड्यांचे कोश आहेत. बर्फात अडकलेले बुडबुडे तो इंचाच्या अंशांत मोजतो. एक तुकडा फोडून उलटा करतो, तेव्हा बुडबुड्याखालचा बर्फ उपड्या बशीच्या आकारात वितळलेला दिसतो, मधोमध पाच अष्टमांश इंच खोल. प्रत्येक बुडबुडा ऊन एकवटणाऱ्या भिंगासारखा काम करत होता.

मग येतात तारखा. तळं पूर्ण गोठलं ते १८४५ साली २२ डिसेंबरच्या रात्री, पुढल्या वर्षी १६ तारखेला, १८४९ मध्ये ३१च्या सुमारास, १८५० मध्ये २७च्या सुमारास, १८५२ मध्ये ५ जानेवारीला, १८५३ मध्ये ३१ डिसेंबरला. शेजारची उथळ तळी दहाएक दिवस आधीच गोठतात. कारण पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं; वरचं थंड झालेलं पाणी खाली बसत राहतं, आणि तळापर्यंतचं सगळं पाणी तेवढं थंड झाल्याशिवाय वर बर्फ धरत नाही. खोल वॉल्डनला म्हणूनच उशीर होतो.

या तारखा मला फार मोलाच्या वाटतात. थोरो तळ्याकाठी राहिला तो ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ एवढाच काळ, आणि पुस्तकात त्यानं तो एका वर्षात गोवला. वाचताना एकच शरद वाटतो. पण या ओळीत ती वीण उसवते आणि आतले अनेक शरद दिसतात, झोपडी सोडल्यानंतरचेही. हस्तलिखित तो पुन्हा पुन्हा लिहीत राहिला आणि तळ्याकडे जात राहिला. पुस्तक ऑगस्ट १८५४ मध्ये प्रसिद्ध झालं; म्हणजे शेवटची नोंद त्यानं छपाईच्या अवघे काही महिने आधी हस्तलिखितात घातली.