'स्वतः' आणि 'टिळक' : वाचनमंडळातील एका निवाड्याविषयी

स्त्रीजीवनविषयक पुस्तके एकत्र बसून वाचावयाची व त्यांवर बोलावयाचे, असा उपक्रम चालविणाऱ्या एका वसाहतीतील वाचनमंडळात प्रस्तुत लेखकास गेले वर्षभर श्रोता म्हणून बसावयास मिळाले. तेथील चर्चेत जिव्हाळा होता. परंतु तिचे वळण बहुधा ठरलेले असे. पुस्तकातील स्त्री सोशीक की बंडखोर, एवढा निवाडा झाला की पुस्तक मिटले जाई. भाषेच्या अभ्यासकास हा निवाडा अपुराच नव्हे, तर पुष्कळदा चुकीचाही वाटतो.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या ग्रंथाचे प्रकट वाचन चालू असता एक तरुण वाचक अडखळली. रमाबाई पतीचा निर्देश 'स्वतः' या शब्दाने करतात. हे 'स्वतः' म्हणजे लेखिका की रानडे, असे तिने विचारले. तेच पान सत्तरी ओलांडलेल्या एका बाईंनी पुढे वाचले, तेव्हा त्या कोठेही थांबल्या नाहीत; त्यांच्या आजीच्या तोंडी हा प्रयोग होता. पुढे लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचावयास घेतली. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात पतीचा उल्लेख सरळ 'टिळक' असा येतो. मंडळाने लगोलग निष्कर्ष काढला : पहिली आज्ञाधारक, दुसरी मुक्त.

हा निष्कर्ष टिकणारा नाही. 'टिळक' हे आडनाव होय, नाव नव्हे. उखाण्यात घ्यावयाचे ते नाव येथेही बाजूसच राहते, आणि क्रियापद आदरार्थी बहुवचनीच असते. निषेध दोघींनीही पाळला आहे. भेद आहे तो निराळाच. 'स्वतः' या आत्मवाचक सर्वनामास सामान्यतः वाक्यातीलच एखाद्या नामाचा वा सर्वनामाचा आधार लागतो. रमाबाईंच्या वाक्यात तो आधार वाक्याबाहेर, घराच्या रचनेत असतो : ज्याचे नाव न घेताही कोणास संशय राहू नये असा एकच पुरुष. (कॅथरिन गेट्स यांच्या १९३८ मधील इंग्रजी अनुवादाने 'हिमसेल्फ' हेच शीर्षक स्वीकारले, ते मार्मिक आहे.) उलट, 'टिळक' हे बाहेरच्या जगाने वापरावयाचे नाव. ते उच्चारताना लक्ष्मीबाई घरात असूनही बाहेरच्यांच्या रांगेत उभ्या राहून पतीकडे पाहू शकतात. त्यांच्या विनोदास जागा मिळते ती येथे.

मग रमाबाईंच्या पदरी काय राहिले? माझ्या मते, पुष्कळ. पतीच्या आग्रहाने इंग्रजी शिकू लागलेल्या या स्त्रीस घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसावा लागला. ती हकीकत त्यांनी त्याच बायकांच्या माजघरी शब्दाने, परक्या वाचकांसमोर छापून सांगितली. शीर्षकातील 'आमच्या' हे सर्वनामही वाचकास वगळणारेच आहे. आणि तरी ग्रंथ वाचकासाठीच आहे. या ओढाताणीस केवळ आज्ञाधारकपणा म्हणणे म्हणजे पुस्तक न वाचण्यासारखेच होय.

मंडळाच्या यादीत ताराबाई शिंदे यांचा 'स्त्री-पुरुष तुलना' (१८८२) हा निबंध नव्हता, ही उणीव मला अधिक खटकली. तेथे पतीस काय म्हणावे हा प्रश्नच नाही. समग्र पुरुषवर्गास समोर बसवून 'तुम्ही' म्हणून जाब विचारलेला आहे. तृतीयपुरुषी निर्देशाच्या दोन पद्धती ऐकल्यावर हे द्वितीयपुरुषी संबोधन कानावर पडले असते, तर कदाचित सोशीक-बंडखोर ही मोजपट्टीच कोणी हाती घेतली नसती. निबंध निघाला त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला, म्हणजे स्त्रियांनी एकत्र बसण्याची जागाही तेव्हा घडत होती. निबंध मात्र विस्मृतीत गेला व १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला.

पुढील बैठकीसाठी मी तोच सुचविला आहे. प्रती दोनच मिळाल्या आहेत, तेव्हा तोही मोठ्याने वाचावा लागेल.