चौथा सूर कुणी काढला?

आजचा विषय बालवर्गातला वाटेल. पण जाणणं म्हणजे काय, हा आपला नेहमीचाच प्रश्न त्यात आहे.

रेकॉर्डर म्हणजे इथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र नव्हे. ही युरोपातली उभी धरायची बासरी. तोंडाशी शिट्टीसारखी फट, पुढे सात भोकं, मागे अंगठ्यासाठी एक. मधल्या काळात मागे पडलेलं हे वाद्य इंग्लंडमध्ये अर्नल्ड डोल्मेच यांनी १९१९ मध्ये पुन्हा घडवलं. १९३० च्या दशकात एडगर हंट यांनी ते शाळांत नेलं.

नवशिक्यांच्या पुस्तकांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. डाव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट ठेवलं की बी, दुसरं ठेवलं की ए, तिसरं ठेवलं की जी. जीला सा धरलं, तर हे झाले ग, रे, सा. एवढ्यावर लगेच बालगीतं सुरू. हे योग्यच आहे. गाणं आधीपासून कानात असतं, म्हणून चुकलं की मुलाला स्वतःलाच कळतं.

आता सारा जोसेफा हेल यांचं १८३० मधलं मेरीच्या कोकराचं गाणं घ्या. आपल्याकडेही इंग्रजी शाळेतल्या पोरांना ते पाठ असतं. त्याच्या रूढ चालीत कोकराचा उल्लेख तिसऱ्यांदा येतो, तिथे सूर उडी मारून पंचमावर जातो. अनेक सोप्या आवृत्त्यांत ही उडी नसते. तिथे पुन्हा गच छापलेला असतो.

का? कारण तो डी वाजवायला अंगठा आणि पहिलं बोट एकदम उचलून फक्त मधलं बोट ठेवावं लागतं. वाद्य ओठ आणि उजव्या अंगठ्यावर तोलायचं. नवशिक्याची तारांबळ उडते. अडचण खरी आहे. वर्गात तीस पोरं असली तर फारच खरी.

पण त्या वर्गात एखादी मुलगी म्हणते, "सर, हे गाणं असं नाहीये." आता बरोबर कोण? आमच्या मते मुलगी. आणि "पुस्तकात आहे तसंच वाजव" असं उत्तर तिला मिळालं, तर ती बोटं ठेवायला शिकते, पण स्वतःच्या कानावर विश्वास ठेवायचं सोडते. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये 'अमुक आहे हे ठाऊक असणं' आणि 'अमुक करता येणं' यांत भेद केला. करता येण्यात स्वतःची चूक ओळखून सुधारणं येतंच. छापील खुणेबरहुकूम बोटं हलवणं म्हणजे वाजवता येणं नव्हे.

कुणी म्हणेल, सुरुवातीला सोपं नको का? हवंच. मग मुळातच तीन सुरांत बसणारं गाणं घ्या. 'हॉट क्रॉस बन्स' आहेच. किंवा पावसाला पैसा देऊ करणारं आपलं बडबडगीत घ्या. त्याची चाल बोलण्याच्या इतकी जवळ आहे की थोड्याच सुरांत भागतं. मेरीचं कोकरू चौथा सूर येईपर्यंत महिनाभर थांबेल. नाहीतर त्या जागी वाद्य खाली ठेवून पोरांना तेवढं गाऊ द्या.

सोपं करणं आणि खोटं करणं यांतला फरक मोठ्यांना पुष्कळदा उमगत नाही. सहा वर्षांच्या कानाला तो ऐकू येतो. तो कान शाबूत ठेवणं, एवढंच पहिल्या वर्षाचं काम आहे असं आम्ही म्हणू.