आंब्रिकूरचा फादर आणि त्याची वही

धर्मगुरूंविषयी मराठीत, निदान आपल्या समाजाच्या मराठीत, जे लिखाण होते ते बहुतांशी स्मरणिकांतून होते. गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव, सुवर्णमहोत्सव, नाहीतर निधनानंतरचा गौरव अंक. अशा अंकांसाठी आम्हीही लेख लिहिले आहेत, तेव्हा दोष देताना स्वतःला वगळण्याचा हेतू नाही. ह्या लेखांत फादरांनी बांधलेली शाळा असते, दुरुस्त केलेला घंटेचा मनोरा असतो, सुरू केलेली पतपेढी असते. रात्री दिवा मालवल्यावर फादर स्वतःविषयी काय विचार करीत असत, तेवढे मात्र नसते. वाचणाऱ्याचा असा ग्रह व्हावा की आपण कोण आहोत हा प्रश्न धर्मगुरूपुरता गुरुदीक्षेच्या दिवशी कायमचा सुटतो.

ज्या पुस्तकाविषयी येथे लिहावयाचे आहे त्यात बांधकाम काहीही नाही. जॉर्ज बेर्नानोस ह्या फ्रेंच लेखकाची एका खेड्यातील धर्मगुरूच्या रोजनिशीची कादंबरी १९३६ साली प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षी तिला फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला. आम्ही ती इंग्रजीतून प्रथम वाचली तेव्हा सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. खरे सांगायचे तर आवडली नाही. हा फादर फार रडका वाटला. विशीतल्या, प्रकृतीने धडधाकट आणि वादविवादात बक्षिसे मिळवणाऱ्या मुलाला तो तसा वाटावा ह्यात नवल नाही.

पुन्हा वाचायला घेतली ती पंचवीस वर्षांनी, एका वाईट पावसाळ्यात. आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामातील एका तरुण जोडप्याचे चार वर्षांचे मूल तापाने गेले. मृतासाठीच्या मिस्सात आम्ही प्रवचन केले. ते चांगले झाले असे दोघातिघांनी सांगितलेही. मुलाचा बाप मात्र दफनभूमीच्या फाटकाशी आमच्यासमोर उभा राहिला, काही बोलण्यासाठी त्याने तोंड उघडले, आणि न बोलताच तो निघून गेला. पुढे आमची बदली होईपर्यंत तो रविवारी येत असे, मागच्या खांबापाशी उभा राहत असे आणि अखेरच्या आशीर्वादाआधी बाहेर पडत असे. आमच्या शब्दांनी त्याला धीर दिला की त्याची जखम उसवली, हे आम्हांला आजही ठाऊक नाही. त्या पावसाळ्यात रात्री जाग आली की आम्ही हिशेब मांडीत असू. हा झगा घालून जो बोलतो तो कोण? झग्याच्या आत कोणी आहे काय?

आंब्रिकूर हे उत्तर फ्रान्सच्या आर्त्वा भागातले खेडे. त्या भागात बेर्नानोसच्या बालपणीच्या सुट्ट्या गेल्या होत्या, त्यामुळे तिथला पाऊस, चिखल आणि ओल्या कोटांचा वास पानोपानी जाणवतो. येथल्या तरुण फादराला कादंबरीभर नाव नाही. (त्याला आम्ही 'तो' म्हणत आहोत ह्याबद्दल कोणी रागावू नये, वयाने तो आमच्या पुतण्याएवढा आहे.) घर गरीब, घराण्यात दारूचा शाप, आणि वाट्याला आलेले हे पहिलेच धर्मग्राम. पोटात सतत दुखते, म्हणून तो साखर घातलेल्या वाईनमध्ये पाव बुडवून तेवढ्यावर दिवस काढतो, आणि गाव समजते की फादर पितो. तो एका वहीत रोजची नोंद ठेवू लागतो. वर्षभर लिहायचे आणि मग सगळे जाळून टाकायचे, असा त्याचा बेत आहे.

वही धरण्यामागे त्याचा हेतू सरळ आहे. देवासमोर उघडे व्हायचे तर आधी स्वतःला नीट पाहावे. पण थोड्याच दिवसांत त्याला वहीचाच संशय येऊ लागतो. ही प्रार्थना आहे की प्रार्थनेतून पळवाट? हा प्रामाणिकपणा आहे की स्वतःच्या दुःखाचे कौतुक? काही ओळी तो खोडतो, काही पाने फाडतो. आमच्या मते ह्या कादंबरीचे मर्म येथे आहे आणि पहिल्या वाचनात ते आमच्या हातून निसटले होते. स्वतःला शोधण्यासाठी सुरू केलेल्या ह्या वहीत त्याला स्वतःचा शोध लागत नाही. स्वतःविषयी त्याने जे लिहिले आहे ते जवळजवळ सगळे चूक आहे. आपण धांदरट आहोत, व्यवहारात कच्चे आहोत, कोणाच्या उपयोगाचे नाही, असे तो लिहितो. त्याच वहीत इतर माणसे त्याच्याशी काय बोलली हेही तो इमानाने टिपून ठेवतो, आणि त्या वाक्यांतून वाचकाला दुसराच माणूस दिसू लागतो. सणाचे फोटो काढणारा स्वतः फोटोत कधी नसतो. पण ऊन पाठीमागून असेल तर त्याची सावली पायऱ्यांवर पडलेली दिसते. तसे हे आहे.

धर्मशिक्षणाच्या वर्गातली सेराफिता हे ह्याचे लहानसे उदाहरण. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या तयारीत हीच मुलगी सर्वांत लक्ष देऊन ऐकते, म्हणून फादर हरखतो, तिला विचारतो, आणि ती त्याच्या सुंदर डोळ्यांविषयी काहीतरी बोलून त्याला सगळ्या मुलींच्या हशात सोडून देते. (आपल्याकडे रविवारी नववी-दहावीचा वर्ग घेणाऱ्यांना हा प्रसंग समजावून सांगण्याची गरज नाही.) फादर तो अपमान म्हणून नोंदवतो. पुढे एका रात्री तो रस्त्यात चिखलात कोसळतो, तेव्हा त्याचे रक्ताने आणि ओकारीने माखलेले तोंड धुणारी हीच मुलगी असते. वेरोनिकेची आठवण वाचकाला होते. लेखक ते नाव घेऊन प्रसंगावर बोट ठेवीत बसत नाही, हे त्याचे उपकार.

आणि मग काउंटेसचा प्रसंग. गावच्या जमीनदाराची ही पत्नी. तिचा तान्हा मुलगा वर्षांपूर्वी गेला. नवरा बाहेरख्याली, मुलगी शांताल द्वेषाने पेटलेली. काउंटेस दर रविवारी मिस्साला येते, दानधर्म करते, आणि आतून देवाशी तिने बोलणे टाकले आहे. फादर तिच्याकडे जातो तो मुलीविषयी बोलायला. बोलणे त्या मृत मुलावर येते आणि मग दोघांनाही थांबता येत नाही. हा संवाद कित्येक पाने चालतो. फादर प्रवचन करीत नाही. तो अडखळतो, पोटातल्या कळेने त्याला उभे राहवत नाही, आपण काय बोलत आहोत हे त्याला पुरते उमगत नाही. अखेर ती गळ्यातली, मुलाच्या केसांची बट ठेवलेली पेटी विस्तवात फेकते आणि हा वेड्यासारखा विस्तवात हात घालतो. संध्याकाळी तिचे पत्र येते. इतक्या वर्षांनी आपल्याला शांती मिळाली, असा त्या पत्राचा भाव आहे. त्याच रात्री ती हृदयविकाराने मरण पावते.

दुसऱ्या दिवसापासून गावात बोलवा उठते की फादरने बाईला छळून मारले. त्याच्यापाशी ते पत्र असते. ते पुढे करून तो स्वतःची बाजू मांडीत नाही. पहिल्या वाचनात आम्हांला हा निव्वळ भाबडेपणा वाटला होता. दुसऱ्या वाचनात त्या पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. आपण चांगले धर्मगुरू आहोत ह्याचा लेखी दाखला त्याच्या खिशात आहे, आणि तो त्याला वापरावासा वाटत नाही, कारण ते पत्र त्याच्याविषयी नाहीच. ते एका आईविषयी आहे. आम्ही मात्र त्या बापाकडून असा एक दाखला मिळावा म्हणून किती रविवार मागच्या खांबाकडे पाहत होतो, हे त्या पानावर आम्हांला कळले, आणि ते कळणे सुखाचे नव्हते.

अलीकडे 'खरा मी' शोधण्याची शिबिरे फार निघाली आहेत. स्वभावाचे प्रकार सांगणाऱ्या प्रश्नावल्या भरून घेतात आणि शेवटी तुम्ही अमुक क्रमांकाचे असे कागदावर लिहून देतात. आमच्या तरुणांनी तिकडे जाऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आम्हीही एक प्रश्नावली भरली होती आणि निघालेला क्रमांक विसरलो. परंतु नोकरी, लग्न किंवा पाचारण ह्यांपैकी कशात तरी अडकलेला मुलगा चर्चच्या आवारात गाठून जेव्हा म्हणतो, 'फादर, मला मीच कळत नाही', तेव्हा त्याला ही कादंबरी द्यावीशी वाटते. तिच्यात उत्तर नाही. एवढेच दिसते की उत्तर हाती नसतानाही हा तरुण पहाटे उठतो, मिस्सा करतो, चिखल तुडवीत घरभेटी घेतो. उदासीच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, असा संत इग्नेशियसचा नियम सेमिनरीत आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. तो जगताना कसा दिसतो, ते येथे दिसते.

त्याचा वडीलधारा मित्र, तोर्सीचा फादर, हा कादंबरीतला सर्वांत रक्तामांसाचा माणूस. दांडगा, रागीट, खाण्यापिण्याचा शौकीन आणि कोवळ्या अंतःकरणाचा. शुभवर्तमानातल्या कुठल्या ना कुठल्या प्रसंगात आपणा प्रत्येकाची जागा अनादि काळापासून ठरलेली असते, असा विचार तो बोलून दाखवतो. ते ऐकताना तरुण फादराला अकस्मात उमगते की आपली जागा गेथसेमनीच्या बागेत आहे. आपण कोण आहोत ह्याचे इतके जवळचे उत्तर त्याला सबंध कादंबरीत दुसरे मिळत नाही. आणि तेही वहीत डोके खुपसून मिळालेले नाही, मित्र बोलत असताना मिळाले आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. तोर्सीचा फादर बोलू लागला की थांबत नाही. गरिबी, सत्ता आणि ख्रिस्तमंडळ ह्यांवरची त्याची भाषणे म्हणजे बऱ्याच अंशी बेर्नानोसचीच आहेत आणि कथा तेवढा वेळ बाजूला उभी राहते. शांतालवर अन्याय झाला आहे. आईचा शोक समजून घेणारा लेखक त्या शोकाच्या सावलीत वाढलेल्या मुलीला समजून घेत नाही. तिच्या वाट्याला केवळ दुष्टपणा येतो. स्वतः बेर्नानोसही सरळ माणूस नव्हता. तरुणपणी तो राजेशाहीवादी कडव्या गटात होता आणि १९३१ साली त्याने एका ज्यूद्वेष्ट्या लेखकाचे गौरवपर चरित्र लिहिले, ह्याचे समर्थन करता येत नाही. पण ह्याच माणसाने मायोर्का बेटावर राहत असताना स्पेनच्या यादवी युद्धातल्या कत्तली पाहिल्या आणि १९३८ साली त्यांवर पुस्तक लिहून आपल्याच बाजूच्या लोकांना, त्यांत काही धर्मगुरूंनाही, उघड जाब विचारला. आपण कोणत्या बाजूचे, हे नव्याने ठरवताना त्याला जुने मित्र गमवावे लागले.

शेवटी फादर तपासणीसाठी लील शहरी जातो. वाटेत स्टेशनपर्यंत काउंटेसचा सैनिक पुतण्या ओलिव्हिए त्याला मोटारसायकलवर नेतो, आणि त्या भरधाव काही मिनिटांत हा मुलगा आयुष्यात प्रथमच तरुण होतो. ओलिव्हिएला तो आपल्यातलाच एक वाटतो. शहरात डॉक्टर सांगतात, पोटाचा कर्करोग. तो सेमिनरीतला जुना सोबती द्युफ्रेती ह्याच्या घरी जातो. द्युफ्रेतीने धर्मगुरुपद सोडले आहे. माळ्यावरच्या दोन कोंदट खोल्यांत, त्याच्यासाठी काबाडकष्ट करणाऱ्या एका बाईबरोबर तो राहतो. येथे वहीतली शेवटची नोंद होते. संशय मिटला असे तो लिहीत नाही. स्वतःशी चाललेले भांडण मात्र मिटले आहे. दुसऱ्या कोणा दुखणाईतावर करावी तेवढीच साधी माया त्याला आता स्वतःवर करता येते.

त्याचे मरण वहीत नाही. ते द्युफ्रेतीने तोर्सीच्या फादरांना लिहिलेल्या पत्रातून कळते. बोलावलेला धर्मगुरू वेळेवर पोहोचत नाही, तेव्हा मरणारा आपल्या ह्या सोबत्याकडेच पापक्षमा मागतो. धर्मकायद्यात ह्याला आधार आहे. मरणसंकटात कोणताही धर्मगुरू, सेवेतून दूर झालेलासुद्धा, पापक्षमा देऊ शकतो. १९१७ च्या संहितेत तसे होते आणि १९८३ च्या संहितेतही आहे. द्युफ्रेतीला हे करताना संकोच होतो. आपला अधिकार उरला आहे की नाही, ह्याची शंका आता त्याला. फादर त्याला अगदी थोड्या शब्दांत धीर देतो. हे अखेरचे शब्द बाळ येशूच्या संत तेरेजेच्या शेवटच्या आजारातल्या एका उद्गाराशी जुळतात. रोबेर ब्रेसाँने १९५१ साली ह्या कादंबरीवर काढलेल्या चित्रपटात हे पत्र वाचले जात असताना पडद्यावर फक्त एक क्रूस दिसत राहतो.

आमची प्रत आता धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवली आहे. काउंटेसच्या प्रसंगातली काही पाने शिवणीतून सुटली आहेत, तेवढी सांभाळावीत.