तेच पाच जिन्नस

दालचिनीच्या डहाळ्या 3 लिआंग (जुनं चिनी वजन), पिओनीचं मूळ 3, ताजं आलं 3, ज्येष्ठमध 2 आणि 12 बोरं. सात मापं पाण्यात घालून मंद आचेवर तीन मापं उरेपर्यंत आटवायचं, गाळायचं आणि एक माप कोमट प्यायचं. जपानी वैद्यकात, म्हणजे कांपोत, या काढ्याला केइशितो म्हणतात. मूळ चिनी. हान राजवटीच्या अखेरीस, इसवी सन 200 च्या आगेमागे, झांग झोंगजिंग या वैद्यानं तापांवर लिहिलेल्या ‘शांग हान लुन’मधला. प्रस्तावनेत तो सांगतो की आपल्या कुळात दोनशेहून अधिक माणसं होती, दहा वर्षांच्या आत त्यातली दोन तृतीयांश गेली आणि गेलेल्यांपैकी बहुतेकांना तापानंच नेलं. एवढं सांगून तो थेट औषधांकडे वळतो. शोक मोजका, आणि तत्त्वज्ञान तर फारच थोडं. जपानी वैद्यांना हा ग्रंथ पुढे इतका का आवडला, याचं निम्मं उत्तर या कोरडेपणात असावं.

पहिल्या वाचनात केइशितोत कुणाला काही विशेष दिसणार नाही. इंदूरच्या सियागंजात एखाद्या जुन्या पंसाऱ्याकडे गेलात तर दालचिनी आणि मुलेठी, म्हणजे ज्येष्ठमध, तो न विचारता काढून देईल. बोरं म्हणजे आपली झाडाखाली वेचायची बोरं नव्हेत. युनानी हकीम ज्याला उन्नाब म्हणतात, ते. पिओनी हे नाव त्याला कळणार नाही, पण ऊद सलीब म्हटलं तर कळेल. तेही त्याच कुळातलं मूळ. आलं भाजीवाल्याकडे. थोडक्यात, यात परकं असं काही नाही, आणि म्हणूनच ‘हा तर आपला सर्दीचा काढा’ म्हणून आपण पान उलटून मोकळे होतो. माझं म्हणणं असं की या वैद्यकाचं सौंदर्य जिन्नसांत शोधूच नये. ते मापांत आहे, आणि काढा कुणाला द्यायचा हे ओळखणाऱ्या बोटांत आहे.

केइशितोचा रोगी कसा? अंगात ताप आहे, डोकं दुखतंय, वारा सोसवत नाही, नाडी वर वर लागते पण दाबली की ढिली पडते, आणि (कळीची गोष्ट ही) त्याला घाम येतोय. घाम येत असूनही ताप उतरत नाही. अशा माणसाला आणखी दणदणीत घाम काढणारं औषध दिलं तर तो गळून जाईल. म्हणून दालचिनी आणि आलं त्याला बाहेरून ऊब देतात, पिओनीचं मूळ सुटू पाहणाऱ्या घामाला आतून लगाम घालतं, बोरं आणि ज्येष्ठमध दोघांना सांभाळून घेतात. दालचिनी आणि पिओनी समसमान, 3 ला 3. एक सोडते, दुसरी धरते. सगळा काढा या समतोलावर उभा आहे.

पुढचं कलम मला सगळ्यात प्रिय आहे. काढा प्यायल्यावर थोड्या वेळानं गरम पातळ पेज प्यायची आणि सुमारे दोन तास पांघरूण घेऊन पडून राहायचं. घाम यायला हवा, पण अंग नुसतं ओलसर होण्याइतका. पाण्यासारखा वाहता कामा नये. एका मात्रेत बरं वाटलं तर उरलेला काढा पिऊ नये. औषध टाकून द्यायला सांगणारा वैद्य! आणि ताकद कुठून आणायची, तर पेजेतून. कोकणातल्या कुठल्याही म्हातारीला हे वाचून दाखवलं तर ती म्हणेल, त्यात काय सांगितलं? पण शास्त्राच्या ग्रंथात पेजेला औषधाच्या बरोबरीनं जागा द्यायला धैर्य लागतं.

आता मापं हलवून पाहा. पिओनी 3 ची 6 केली, बाकी सगळं तेच. काढा त्वचेवरून निघाला आणि थेट पोटात शिरला. आता तो तापासाठी नाही. पोट फुगलंय, मधूनमधून दुखतंय, अशा माणसासाठी आहे. त्यात मोड आलेल्या धान्यानं गोड केलेला भाताचा पाक घातला की झालं शोकेन्चूतो. अशक्त, चटकन थकणाऱ्या, पोट धरून बसणाऱ्या मुलांना जपानी डॉक्टर आजही ते देतात. उलट पिओनी काढूनच टाकली, तर उरलेले चार जिन्नस छातीत भरून आल्यासारखं होणाऱ्यासाठी. दालचिनी 3 ची 5 केली, तर बेंबीखालून काहीतरी डुकराच्या पिलासारखं छातीकडे धावत येतं अशी तक्रार करणाऱ्यासाठी. आज आपण त्याला घबराटीचा झटका म्हणू. हे वर्णन करणाऱ्याला रोग्याचं बोलणं ऐकायची सवय होती, एवढं नक्की.

या फेरफारांचे प्रसंग मूळ ग्रंथात पाहिले की आणखी एक गंमत हाती लागते. पिओनी वाढवायची वेळ केव्हा येते? आधीच्या वैद्यानं नको असताना जुलाब दिला तेव्हा. पिओनी काढायची केव्हा? तेव्हाही जुलाबच दिलेला. दालचिनी वाढवायची वेळ येते ती तापलेल्या सुईनं जबरदस्तीनं घाम काढल्यावर. म्हणजे हे चढउतार रोगापेक्षा वैद्यांच्या चुकांवर बेतलेले आहेत. दुसऱ्यानं बिघडवलेलं पाच जिन्नसांतच दुरुस्त करायचं, इथे नवा सहावा आणायचा नाही.

गवई अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात राहणाऱ्याला इथे मारवा राग आठवणारच. मारवा, पूरिया, सोहनी: तिन्हीत कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. स्वर तेच. पण मारवा कोमल रिषभावर आणि धैवतावर विसावतो, पूरिया गंधार-निषाद धरून मंद्रात उतरतो, सोहनी तार सप्तकात वावरते. खाँसाहेबांचा मारवा ऐकताना तो षड्ज किती वेळ चुकवत राहतो ते कळतं, आणि त्या चुकवण्यातूनच संध्याकाळची ती अस्वस्थता येते. वडील शाहमीर खाँ यांच्याकडून त्यांनी मेरुखंडाची तालीम घेतली होती. पाच स्वरांचे 120 क्रम होतात आणि ते गळ्यातून काढावे लागतात. काढ्याचं मात्र क्रमाशी देणंघेणं नाही, सगळं एकाच भांड्यात उकळतं. म्हणून मेरुखंडापेक्षा मारवा-पूरियाचं नातं त्याला जवळचं: तोच ऐवज, वजन कुठे द्यायचं तेवढं निराळं. पिओनीवर वजन गेलं की राग बदलला. अर्थात चुकलेल्या मारव्यानं कुणाच्या जिवाला धोका होत नाही. त्याकडे नंतर येऊ.

प्रमाणाचं सौंदर्य आपल्याकडे नाही असं समजू नये. सितोपलादि चूर्णात खडीसाखर 16, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलदोडा 2, दालचिनी 1. प्रत्येक पायरीला निम्मं. पाठ करायला सोपं आणि जिभेवरही त्याच क्रमानं उलगडणारं. पण सितोपलादि हे पूर्ण झालेलं शिल्प आहे, त्याला कुणी हात लावत नाही. केइशितो हात लावण्यासाठीच ठेवलेलं आहे.

जपाननं या ग्रंथाला काय दिलं, तर हात. योशिमासु तोदो (1702–1773) हा हिरोशिमाचा वैद्य क्योतोत आला तेव्हा त्याची प्रॅक्टिस चालेना. बाहुल्या बनवून तो पोट भरत होता. अशी कथा सांगतात की ज्या व्यापाऱ्याला तो बाहुल्या विकायचा त्याची आई आजारी होती, आणि तिच्यावर यामावाकी तोयो या नामांकित वैद्याचे उपचार चालू होते. तोदोनं तिला तपासलं आणि म्हणाला, औषध बरोबर आहे, फक्त आता त्यातला जिप्सम काढा. तोयो आला, त्याच विचारात अडकलेला होता, आणि एका जिन्नसाच्या काटछाटीवरून त्यानं बाहुलीवाल्यातला वैद्य ओळखला. कथा खरी असो वा सजवलेली, रसिकतेची याहून चांगली व्याख्या मला ठाऊक नाही. एकानं एक गोष्ट कमी केली आणि दुसऱ्याला ती कमी केल्याचं कळलं. (हाच तोयो 1754 साली शवविच्छेदन प्रत्यक्ष पाहून त्यावर पुस्तक काढणारा. जुन्या ग्रंथाचा भक्त आणि डोळ्यांवर विश्वास ठेवणारा, दोन्ही एकाच वेळी.)

तोदोनं यिन-यांग आणि चिनी पंचतत्त्वांसारखे डोलारे बाजूला सारले. पोट चाचपा, लक्षण पाहा, त्याला जुळणारा काढा द्या. कांपोतली पोटाची तपासणी म्हणूनच वाचायला सुंदर आहे. आपले डॉक्टर रोग्याला गुडघे वाकवायला लावतात म्हणजे पोट सैल पडेल. कांपोचा वैद्य पाय सरळ ठेवायला सांगतो, कारण त्याला पोटाचा ताणच वाचायचा असतो. बरगड्यांखाली दाबलं की भरल्यासारखं लागतं का? बेंबीजवळ ठोका जाणवतो का? पोटाच्या मधल्या दोन उभ्या पट्ट्या वेताच्या काठीसारख्या ताणलेल्या आहेत का? त्या ताणलेल्या असतील तर वाढीव पिओनीचा विचार करायचा. मापं आणि बोटं इथे भेटतात. आपल्या अष्टविध परीक्षेत नाडी पहिली येते, स्पर्शही आहे. पण नाडीची जेवढी आख्यानं झाली तेवढी पोटाची कधी झाली नाहीत, असं वाटून जातं.

केइशितोत विदारीकंदाच्या कुळातला कंद आणि एफेड्रा हे दोन जिन्नस मिळाले, मापं थोडी सरकली, की होतं काक्कोन्तो. रोगी तापाचाच, पण याला घाम येत नाही आणि मान-खांदे आखडलेले असतात. कातडी ओली की कोरडी, एवढ्यावरून दोन काढ्यांतली निवड ठरते. आज जपानच्या औषधांच्या दुकानात सर्दीसाठी सगळ्यात ओळखीचं नाव हेच. इतकं की राकुगो या त्यांच्या विनोदी कथनकलेत काक्कोन्तोवाल्या वैद्याची एक गोष्टच आहे. डोकं दुखतंय? काक्कोन्तो. पोट दुखतंय? काक्कोन्तो. आणि तुम्ही? मी नुसता सोबत आलोय. मग बसल्या बसल्या कंटाळा येईल, घ्या काक्कोन्तो. कांपोवरची ही सगळ्यात मार्मिक टीका जपान्यांनी स्वतःच करून ठेवली आहे.

मेइजी काळात सरकारनं डॉक्टरीचा परवाना पाश्चात्त्य वैद्यकाच्या परीक्षेला बांधला. परंपरा जिवंत ठेवण्याचं विधेयक 1895 साली संसदेत पडलं. म्हणजे कांपोला वेगळी पदवी उरली नाही, आणि या अपमानातून एक चांगली गोष्ट घडली: ज्यांनी ते पुढे नेलं ते बहुतेक आधुनिक डॉक्टर होते. 1967 पासून हे काढे आरोग्यविम्यात येऊ लागले, आज 148 आहेत, आणि एकच डॉक्टर एकाच कागदावर प्रतिजैविक आणि काक्कोन्तो दोन्ही लिहू शकतो. इंदुरात महात्मा गांधी मेडिकल कॉलेज आणि अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय एकाच शहरात असून दोघांच्या पदव्या, वॉर्ड आणि बहुधा चहाच्या टपऱ्याही वेगळ्या. कुठलं बरं, हे मी ठरवू शकत नाही. जपानी पद्धतीत काय हरवलं ते मात्र दाखवता येतं.

मापं राहिली, बोटं गेली. शोसाइकोतो हा काढा बरगड्यांखालच्या त्या भरलेल्या पोटासाठी. पण तो यकृताच्या जुनाट दाहाला चालतो असं ठरलं आणि पोटावर हात न ठेवता, नुसत्या रोगाच्या नावावर तो सर्रास लिहिला जाऊ लागला. मार्च 1996 मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयानं जाहीर केलं की तो घेणाऱ्यांत फुप्फुसांच्या गंभीर दाहाचे 88 रुग्ण आढळले, त्यातले 10 दगावले. पोट वाचलं असतं तर सगळे वाचले असते, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. काढ्याला विष असतंच. ज्येष्ठमध जास्त झाला तर रक्तातलं पोटॅशियम घसरतं आणि रक्तदाब चढतो. एफेड्रिन हे एफेड्रातूनच 1885 साली नागाइ नागायोशी यांनी वेगळं काढलं, हृदयरोग्यानं त्यापासून जपावं. ‘घरचेच तर जिन्नस’ म्हणणाऱ्यांनी, म्हणजे आपणही, हे ध्यानात ठेवलेलं बरं. सियागंजातून पुड्या बांधून आणून घरी केइशितो उकळायच्या फंदात पडू नये.

हरवलेलं दुसरं म्हणजे चव. आता काढा क्वचितच उकळतात. सुकवलेल्या अर्काच्या दाण्यांची पुडी येते, 2.5 ग्रॅमची, दिवसातून तीन. मापं पुडीतही पाळलेली असतात: त्सुमुरा कंपनीच्या केइशितोत दिवसाला दालचिनी 4 ग्रॅम, पिओनी 4, पोटासाठीच्या भावंडात दालचिनी तीच 4, पिओनी 6. झोंगजिंगच्या दुपटीची इथे दीडपट झाली, तरी वळण ओळखू येतं. पण दालचिनीचा वास आणि आल्याचा तिखटपणा हे उडून जाणाऱ्या तेलांचे गुण. उकळून, सुकवून, दाणे करून ते कितीसे उरणार? डहाळीच्या जागी जपानी लोक साल वापरतात, त्यानं वास थोडा भरून निघत असेल. आणि पेज? पुडीवर लिहिलेलं असतं: जेवणापूर्वी किंवा दोन जेवणांच्या मध्ये. पेजेचं, पांघरुणाचं, बरं वाटल्यावर उरलेलं न पिण्याचं कलम कुठेच नाही. जाणते डॉक्टर मग रोग्याला सांगतात की दाणे नुसते पाण्याबरोबर गिळू नका, गरम पाण्यात विरघळवा, वास घ्या आणि त्यात थोडं आलं किसून घाला.